यमुनाबाईंची पिठी आणि माझी दोन अंडी

मित्रांनो, मी धाविक जातीची एक म्हातारी पक्षीण आहे. हे नाव तुम्ही ऐकलेलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, मीसुद्धा तुमचं ऐकलेलं नाही. तित्तिरापेक्षा लहान अशी माझी चण. अंगाचा रंग मातीचा, डोक्यावर तांबूस टोपी, डोळ्यावरून मागे गेलेली एक काळी पट्टी आणि तिच्या वरून एक पांढरी. पाय लांब आणि पांढुरके. चार पावलं तुरुतुरु धावायचं, थबकायचं, मान ताठ करून बघायचं, वाळवी किंवा भुंगा दिसला की टिपायचा आणि पुन्हा धावायचं, हा आमचा जन्माचा उद्योग. आमच्या पायाला मागचं बोट नसतं. त्यामुळे आम्हाला फांदी पकडता येत नाही, झाडावर बसता येत नाही. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ज्या शहाण्यांची हकीकत मी सांगणार आहे, त्यांना ती कोणी सांगितली नव्हती आणि त्यांनी कोणाला विचारलीही नव्हती.

माझा जन्म झाशीहून गरौठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडा आत असलेल्या एका माळावर झाला. तांबडा मुरूम, वाटाण्याएवढे खडे, बोटभर उंचीचं गवत आणि मधूनमधून बोरीची खुरटी झुडपं. आईनं मला बकरीच्या लेंड्या पडल्या होत्या तिथंच उघड्यावर घातलं होतं. घरटं नाही, काडी नाही, कापूस नाही. तुम्हाला वाटेल, काय ही गरिबी! मित्रांनो, उघड्या मुरमावर दोन खडे पडलेले असावेत तशी दोन अंडी पडलेली असतात आणि कावळा वरून तीनदा उडून जातो तरी त्याला दिसत नाहीत. तुमच्या किती तिजोऱ्यांना हे जमतं?

या जागेला माणसं ओसाड म्हणतात. इथं काही नाही, असं म्हणतात. ज्याला वाळवीचं वारूळ दिसत नाही, टोळांची पैदास दिसत नाही, पायाजवळ बसलेली वीतभर पक्षीण दिसत नाही, त्याला इथं काही नाही असंच वाटणार. दोष माळाचा नव्हे.

या माळावर रोज येणारा माणूस एकच, हल्के. वीस-बावीस बकऱ्या घेऊन तो सकाळी यायचा, बोरीच्या आडोशाला बसून बिडी ओढायचा आणि ऊन चढलं की जायचा. त्याच्या बकऱ्या गवत बोटभर ठेवत, म्हणून आम्हाला धावता येई. इतक्या वर्षांत हल्केनं माझ्याकडे एकदाही नीट पाहिलं नाही. मला तो आवडतो अशातला भाग नाही. पण ज्यानं आपल्याकडे पाहिलं नाही, त्यानं आपलं काही बिघडवलंही नाही, हे मला उशिरा कळलं.

जमीन मात्र हल्केची नव्हे. ती होती जनार्दनरावांची. त्यांचे पूर्वज पेशवाईत कचेरीचं काम करायला दक्षिणेतून इथं आले, त्यांना कोणीतरी ही जमीन बक्षीस दिली. देणाऱ्यानं ती न पाहता दिली असावी, नाहीतर चांगली पाहूनच दिली असावी. चार पिढ्यांनी तिथं तीळ पेरले, ज्वारी पेरली, हरभरा पेरला, आणि दरवर्षी बियाणंसुद्धा परत मिळालं नाही. जनार्दनराव स्वतः एका सरकारी कार्यालयातून बडे बाबू म्हणून निवृत्त झाले. राहतात झाशीत, नगरा मोहल्ल्यात. माळाच्या कडेला एकुलता एक आवळा होता आणि दर कार्तिकात ही मंडळी डबे घेऊन त्याच्याखाली आवळीभोजनाला येत. माझं मराठी त्या पंगतीतलं आहे. मुलं हिंदीत भांडत आणि मोठी माणसं त्यांना मराठीत रागवत. मला दोन्ही समजतं आणि बोलता कुठलंच येत नाही, म्हणजे त्यांच्या घरातल्या धाकट्या पातीपेक्षा मी फार मागे नाही.

गेल्या वर्षी वादळात तो आवळा पडला. पुढे थंडीत जनार्दनरावांच्या पत्नी शारदाबाई गेल्या. बाई बऱ्या होत्या. पंगतीत त्याच तेवढ्या झाडाखाली न बसता उन्हात येऊन बसत आणि माळाकडे बघत राहत, एवढं मला आठवतं. त्या गेल्यावर जनार्दनरावांच्या मनानं घेतलं की त्यांच्या नावानं या माळावर एकशे आठ आवळे लावायचे. नाव ठरलं शारदावन. एका झाडाखाली वर्षातून एकदा जेवणाऱ्यांना एकशे आठ झाडं कशाला हवीत, असा प्रश्न त्यांच्यापैकी कोणाला पडला नाही. झाशीतल्या इलाइट चौराह्यावर त्याचा फलकही छापायला गेला. फलक छापला की माणसाला माघार घेता येत नाही, ही तुमची एक जुनी खोड आहे.

याच उन्हाळ्यात, ज्येष्ठात, मी दोन अंडी घातली. आता मी म्हातारी, हे मी आधीच सांगितलं. मागच्या सालची अंडी भटक्या कुत्र्यानं खाल्ली होती, त्याच्या मागच्या सालची मुरूम भरायला आलेल्या ट्रॅक्टरखाली गेली होती. दोन वर्षं माझं एकही पिल्लू मोठं झालेलं नव्हतं आणि पुढच्या साली अंगात अंडी धरायचं बळ राहील की नाही, याची मला खात्री नव्हती. म्हणून ही दोन मी जिवापाड जपत होते. त्या दिवसांत अंडी उबवायची नसतात, ती उन्हात शिजू नयेत म्हणून त्यांच्यावर सावली धरून उभं राहायचं असतं. सकाळी मी उभी राही, दुपारी माझा नर. चोच उघडी, पंख अर्धे पसरलेले, पायाखाली तव्यासारखी जमीन. असे अठरा दिवस काढले. आणखी तीन-चार दिवसांचं काम होतं.

अठराव्या दिवशी ही वरात आली. जनार्दनराव, त्यांच्या थोरल्या विधवा बहीण यमुनाबाई, सून रुचिरा, आणि मागून खड्डे खणायचं यंत्र. सुतळी धरून मापं झाली, बारा-बारा फुटांवर चुन्याच्या फुल्या पडल्या. फुल्या मारणारी रुचिरा माझ्यापासून हातभर अंतरावर आली तशी मी उठून धावले. तिनं खाली पाहिलं आणि पाय जागच्या जागी उचलून धरला.

"बाबा, इकडे या ना," ती म्हणाली. "देखिए, हे पत्थर नाहीत. अंडी आहेत."

सगळे जमले. जनार्दनरावांनी चष्मा सारखा केला आणि ही टिटवीची अंडी आहेत असं जाहीर केलं. टिटवी ही आमची शेजारीण, दिवसभर कर्कश ओरडणारी आणि आकाश आपल्याच पायांवर तोलून धरलंय असं समजणारी. तिची अंडी म्हणे जितकी, तितके महिने पाऊस. दोन अंडी म्हणजे दोन महिने, रोपांना पुरे, असा हिशेब करून जनार्दनराव खूश झाले. त्यांना आपल्या जमिनीवर चार पिढ्या राहणारा पक्षी ओळखता येत नव्हता, पण त्याच्या पोटातून निघालेल्या अंड्यांवरून पाऊस वर्तवता येत होता.

यंत्र चालवणाऱ्यानं सांगितलं की पंधरा दिवस थांबा, पक्षी आपोआप निघून जाईल, मग खणू. मला तो माणूस बरा वाटला. पण रविवारची तारीख फलकावर छापून आली होती आणि फराळाची ऑर्डरही गेली होती. शेवटी तोड निघाली. यंत्रानं एकशे सात खड्डे खणावेत. एकशे आठवा, म्हणजे माझ्या अंड्यांवरचा, रविवारी जनार्दनरावांनी स्वतःच्या हातानं खणावा. तोवर पिल्लं निघतीलच. त्याच खड्ड्याशी शारदाबाईंच्या नावाची पाटी लागणार होती. एकशे सातवर मात्र कोणी थांबायला तयार नव्हतं. एका आकड्यासाठी तुम्ही काय काय कराल, हे बघायला माणसानं नव्हे, पाखरानं बसावं.

इथवरही मी सहन केलं असतं. पण यमुनाबाईंच्या मनात दया आली.

भूमिपूजनाची पिशवी त्यांच्या खांद्याला होती. त्या खाली बसल्या, गुडघे दुखत होते तरी बसल्या, आणि माझ्या अंड्यांभोवती रांगोळी काढायला लागल्या, कोणाचा पाय पडू नये म्हणून. तीही साधी नव्हे. रुचिरानं रांगोळीचा डबा पुढे केला तर त्यांनी तो बाजूला सारला आणि तांदळाची पिठी काढली.

"दगडाची भुकटी कशाला? पिठीची काढते," त्या म्हणाल्या. "आपल्यात पिठीचीच काढतात. मुंग्यांच्याही तोंडी दोन कण पडतील, तेवढंच पुण्य."

गोल वेढा, त्याला आठ पाकळ्या, पाकळीत ठिपके. एका दगडाला हळद-कुंकू. बाजूला मूठभर तांदूळ आणि पाण्याची वाटी. रुचिरानं मोबाइलवर फोटो काढले. सगळ्यांनी हात जोडले आणि यंत्राची घरघर संपल्यावर मंडळी आपापल्या चांगुलपणावर खूश होऊन निघून गेली. मी परत आले तेव्हा जी जागा कावळ्याला तीन फेऱ्यांत दिसत नव्हती, ती अर्ध्या कोसावरून दिसत होती. भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात ना, ते मला त्या दिवशी कळलं.

आधी साळुंक्या आल्या, तांदळावर. त्यांचा कलकलाट ऐकून कावळे आले. मी पंख पसरून त्यांच्या अंगावर धावले, लंगडल्याचं सोंग केलं, लांब पळाले. एरवी कुत्रासुद्धा या सोंगाला फसतो. कावळे फसले नाहीत, कारण त्यांना माझ्याकडे बघायची गरजच नव्हती. पांढऱ्या गोलाच्या मधोमध काय आहे ते त्यांना समोर दिसत होतं. माझा नर एकाशी झुंजत होता तेव्हा दुसऱ्यानं एक अंडं उचललं आणि बोरीच्या झुडपाआड नेऊन फोडलं. मी ते पाहिलं. आत पिल्लू पुरतं तयार होतं.

मित्रांनो, पाखरांना रडता येत नाही अशी तुमची समजूत आहे. असू दे. मी परत जाऊन उरलेल्या अंड्यावर उभी राहिले, कारण ते उन्हात होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या अंड्याला आतून टक्कर बसायला लागली. एक बारीक चीर गेली. आणि त्याच वेळी मला मुंग्यांची ओळ दिसली. पुण्याचे कण वेचायला त्या दोन दिवसांपासून येत होत्या, आता वेढा अर्धा संपवून त्या आत वळल्या होत्या. तडा गेलेल्या अंड्याला मुंग्या लागल्या तर पिल्लू बाहेर येत नाही, जे बाहेर येतं ते पिल्लू नसतं. मी चोचीनं टिपत राहिले. दहा टिपल्या की वीस येत. मला हात नाहीत, फुंकर नाही, पाणी ओतायची सोय नाही. वाटी होती, ती साळुंक्यांनी कधीच लवंडली होती. उरलेलं एक पिल्लू माझ्या पोटाखाली टकटक करत होतं आणि मला काही करता येत नव्हतं.

तेवढ्यात हल्केच्या बकऱ्या आल्या. पिठीचा वास लागताच त्यांनी मान खाली घातली आणि रांगोळी चाटायला घेतली. पाकळ्या गेल्या, ठिपके गेले, वेढा गेला, तांदूळ गेले, पिठीबरोबर मुंग्याही गेल्या. एक दाढीवाली बकरी थेट अंड्याशी आली तेव्हा मी दोन्ही पंख उभारून तिच्या तोंडासमोर उभी राहिले. तिनं माझ्याकडे कंटाळून पाहिलं आणि वळून गेली. माळ पुन्हा तांबडा झाला. हल्के बोरीखाली बिडी ओढत होता. आपल्या जनावरांनी काय केलं याचा त्याला पत्ता नव्हता आणि त्यानं तो लावूनही घेतला नाही.

दुपारपर्यंत पिल्लू बाहेर आलं. मुरमाच्या रंगाचं, ओलं, डोळे उघडे. संध्याकाळी ते चार पावलं धावलं, थबकलं आणि मान ताठ करून बघायला लागलं. शिकवलं कोणी नव्हतं.

दुसराच दिवस रविवार होता. ऊन तापायच्या आत तीन गाड्या आल्या, चाळीसेक माणसं उतरली. तंबू उभा राहिला, फलक बांधला गेला, रोपं खड्ड्यांत गेली, प्रत्येक रोपाला चार माणसं आणि पाच फोटो. आम्ही पिल्लाला घेऊन निघायच्या बेतात होतो, पण तिन्ही बाजूंनी पाय आले. अशा वेळी पिल्लानं एकच करायचं असतं, जमिनीला चिकटून पडायचं आणि हलायचं नाही. ते पडलं. एकशे आठव्या फुलीपासून वीतभर अंतरावर. आम्ही दोघं लांबून बघत होतो.

यमुनाबाई सर्वांत आधी तिथं गेल्या. रांगोळी नाही, अंडी नाहीत, नुसती खुरांची माती. त्या रडल्या, आणि खऱ्याच रडल्या, हे मी नाकारत नाही. मग त्यांची नजर हल्केवर गेली. त्यानं बकऱ्या अंडी तुडवायला सोडल्या, त्याला दयामाया नाही, असं त्यांनी चाळीस माणसांसमोर त्याला सुनावलं. हल्के उठून उभा राहिला.

"हमें कछू नईं पता, बाईसाब," तो म्हणाला. "छिरियाँ हैं, जो मिलो सो चाट लओ."

छिरिया म्हणजे त्याच्या बोलीत बकऱ्या. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. या माणसाला उद्यापासून इथं पाय ठेवू द्यायचा नाही आणि चारी बाजूंनी काटेरी तारेचं कुंपण घालायचं, असं तिथल्या तिथं ठरलं. तारेची भेंडोळी एका गाडीत तयारच होती. मी ऐकत होते. बकऱ्या गेल्या की गवत वाढणार, गवत वाढलं की आमचं धावणं संपणार, आणि त्या झाडांवर, जगली तर, कावळे बसणार. पण ते पुढचं होतं. आधी तो एकशे आठवा खड्डा होता.

जनार्दनराव फावडं घेऊन आले. रुचिरा पाटी धरून उभी होती. त्यांनी फुलीवर पाय रोवला, फावडं उचललं आणि खाली पाहिलं. मला त्यांचा चेहरा दिसत होता. आधी ते खडा बघावा तसे बघत होते, मग त्या खड्याचा डोळा त्यांना दिसला. फावडं वरच राहिलं. एवढ्या वर्षांत या जमिनीकडे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं.

मला वाटलं, आता हे हाक मारतील. मग चाळीस माणसं येतील, मोबाइल येतील, यमुनाबाई कनवटीला हळद-कुंकू लावून येतील, कोणीतरी ते पिल्लू उचलून ओंजळीत घेईल आणि खोक्यात घालून नगऱ्याला नेईल. प्रेमानं. मी धावत सुटायच्या तयारीत होते.

जनार्दनरावांनी हाक मारली नाही. त्यांनी फावडं हळूच जमिनीवर आडवं ठेवलं आणि दोन पावलं मागे घेतली.

"हा खड्डा नको," ते म्हणाले. "पाटीही नको. शारदा कधी झाडाखाली बसलीच नाही."

रुचिरा त्यांच्याकडे बघत राहिली. यमुनाबाईंनी म्हटलं की जनार्दना, एकशे सात अशुभ, आणि लोक काय म्हणतील. हल्के बकऱ्या गोळा करून निघाला होता, त्याच्याकडे वळून जनार्दनराव म्हणाले, "हल्के भैया, कल भी आना. तार नहीं लगेगी." लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. बायको गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय, असं कोणीतरी हळू आवाजात म्हणालं. मग फराळाचे डबे उघडले आणि सगळे तंबूकडे गेले. माळ मोकळा झाल्यावर मी पिल्लाकडे धावले. ते उठलं आणि माझ्या मागून धावायला लागलं.

आता तुम्हाला वाटेल, या गोष्टीच्या शेवटी मी त्या गृहस्थाचे आभार मानणार. नाही मानणार. एकशे सात खड्डे त्यांनीच खणवले, आणि माझं एक अंडं त्यांच्या बहिणीच्या पुण्यापायी गेलं. ते पिल्लूही असंच धावलं असतं. पण खोटं बोलणार नाही. इतक्या पिढ्यांत माणसांनी या माळावर नांगर आणला, बियाणं आणलं, यंत्र आणलं, पिठी आणली, आणि प्रत्येक वेळी आमचं काही ना काही गेलं. त्या दिवशी एका माणसानं हातातलं खाली ठेवलं आणि आमचं काही गेलं नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या मनातही दया येईल. एखाद्या मोकळ्या माळावर काहीतरी घेऊन उभे राहाल. त्या वेळी आधी पायाशी बघा. मग हातात जे असेल ते खाली ठेवा, आणि दोन पावलं मागे जा.